सात सेकंदांची शांतता आणि एक कापलेला 'पण': रेडिओ पत्रकारितेविषयी

कानोसा:

गेल्या आठवड्यात रात्री भांडी घासताना रेडिओवर तासाभराचा एक कार्यक्रम ऐकला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये. डोंगरात, एका गावाच्या वरच्या अंगाला, हिमनदी वितळून तळं साचलंय. त्याला बांध आहे तो हिमनदीनेच आणून टाकलेल्या दगडमातीचा, आत बर्फ. तो फुटला तर खालचं गाव वाहून जाईल. गाव हलवायचं की नाही, हा प्रश्न. एक अधिकारी बोलतो, एक हिमनदीतज्ज्ञ बोलतो, एक म्हातारी बोलते. बाकी कोणी नाही.

पत्रकार बाईंनी अधिकाऱ्याला विचारलं, "तळं फुटायचा धोका आहे का?" त्यांचा शेवटचा शब्द तोंडात असतानाच उत्तर आलं, "परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात आहे." मग तोच प्रश्न तज्ज्ञाला. आणि रेडिओ बंद पडला. मला तरी तसंच वाटलं. साबणाच्या हातानेच आवाज वाढवायला गेले, तर कोणीतरी श्वास घेतलेला ऐकू आला. मग उत्तर: "आम्हाला माहीत नाही. दहा वर्षांनी की उद्या, हे सांगण्याइतकी मापं आमच्याकडे नाहीत." नंतर पुन्हा ऐकताना मोजलं. सात सेकंद.

वर्तमानपत्रात हे एका ओळीत आलं असतं: 'निश्चित सांगता येत नाही, असे ते म्हणाले.' त्यात तो माणूस उत्तर द्यायच्या आधी किती अडखळला ते कळलं नसतं. बाईंनी दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवली आणि स्वतः एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या तळ्याच्या गोष्टीत राजकारण कुठे संपतं आणि विज्ञान कुठे सुरू होतं ते मला बोट ठेवून दाखवता येणार नाही. छापील अंकात दोघांची पानं वेगळी असतात. इथे ते एकाच कानात एकामागून एक आले.

१८ एप्रिल १९३० रोजी बीबीसीच्या निवेदकाने बातमीपत्राच्या वेळेला सांगितलं होतं की आज बातमी नाही, आणि उरलेला वेळ पियानो वाजवला गेला. मला त्या निवेदकाबद्दल फार आदर वाटतो. सांगण्यासारखं नसताना गप्प राहणं आणि समोरच्याला सांगायला वेळ लागत असेल तर थांबणं, मला तरी रेडिओची खरी ताकद यातच दिसते. तुम्हाला काय वाटतं? कानात राहून गेलेलं असं काही तुमच्याकडे आहे का?

जुनं_रीळ:

कानोसा, या विषयावर धागा काढलात, फार बरं वाटलं. मी वीसेक वर्षं ध्वनिमुद्रण आणि संपादन केलंय, त्यातली सुरुवातीची फितीवर. तेव्हा शांततेला लांबी असायची. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने फीत पळायची, म्हणजे तुमचे सात सेकंद हातात धरले तर सव्वा मीटरहून लांब तुकडा, त्यावर काहीही नाही. रूपक, म्हणजे रेडिओवरचा माहितीपर कार्यक्रम, अर्ध्या मिनिटाने लांबलंय, निर्माता खुर्चीमागे उभा आहे, अशा वेळी फीत कापायचं दाढीचं पातं पहिलं तिथेच पडतं. तुमच्या कार्यक्रमात कोणीतरी ते पडू दिलं नाही. त्या अनाम संपादकाला माझा नमस्कार.

आता माझ्या हातून घडलेलं सांगतो. एका पुलाबद्दलची बातमी होती. अभियंता म्हणाला, "पूल सुरक्षित आहे." मग थांबला. मग, "पण दर पावसाळ्यानंतर तपासणी झाली तर." आमच्याकडे वेळ अडीच मिनिटांचा. 'आहे'वर त्याचा आवाज खाली उतरला होता, वाक्य संपल्यासारखा. ज्याने कधी फीत कापली आहे त्याला हे कळेल. आवाज वर चढत असताना कापलं तर श्रोत्याच्या कानाला ठेच लागते. उतरलेल्या आवाजावर कापलेलं कोणालाच कळत नाही. मी तिथे कापलं. सुरेख बसलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "माझा 'पण' कुठे गेला?"

आम्ही दुरुस्ती दिली, त्याच वेळेला, त्याच बातमीपत्रात, या वेळी पूर्ण वाक्य ऐकवून. तरी आदल्या दिवशी ज्यांनी ऐकलं ते सगळे पुन्हा ऐकायला बसले असतील असं थोडंच आहे. छापलेलं कात्रण शोधता येतं. ऐकलेलं वाक्य माणूस घरी घेऊन जातो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत 'पण', 'जर', 'बहुतेक' या शब्दांना मी हात लावला नाही. रूपक लांबलं तर माझ्याच निवेदनातली ओळ काढायचो.

शंकासूर:

दोन्ही प्रतिसाद मनापासून आवडले, तरी मला रेडिओच्या या जवळिकीची भीती वाटते. कानात बोलणारा माणूस आपला वाटतो. रवांडातलं आरटीएलएम हे केंद्र जुलै १९९३ मध्ये सुरू झालं. ते सरकारी केंद्रासारखं ताठ नव्हतं. गाणी, गप्पा, श्रोत्यांचे फोन, हसणं-खिदळणं. त्याच सुरात तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजाला 'झुरळं' म्हणायची सवय लोकांच्या कानांना लावली गेली. एप्रिल १९९४ मध्ये कत्तल सुरू झाली तेव्हा त्याच आवाजांनी माणसांची नावं आणि ठिकाणं सांगितली. साधारण १०० दिवसांत लाखो माणसं मारली गेली. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये केंद्राच्या संस्थापकांपैकी दोघांना दोषी ठरवलं. अपिलात काही आरोप गळले, शिक्षा कमी झाल्या, पण दोघांपैकी कोणीही निर्दोष सुटलं नाही.

तिथे कोणाचा 'पण' कापायची गरजच नव्हती. पहिल्यापासून 'पण' म्हणणाऱ्याला बोलावलंच नव्हतं.

आणि याच माध्यमात हैतीचे जाँ डोमिनिकही होते. बातम्या आणि चर्चा फ्रेंचमध्ये चालायच्या, देशातले बहुतेक लोक घरात क्रेओल बोलायचे. डोमिनिकनी आपल्या केंद्रावर क्रेओलमधून पत्रकारिता केली. ज्या शेतकऱ्याला राजकारण म्हणजे वरच्यांच्या भाषेतली कुजबुज वाटायची, त्याला ते पहिल्यांदा स्वतःच्या भाषेत ऐकू आलं. ३ एप्रिल २००० रोजी सकाळच्या कार्यक्रमासाठी येत असताना केंद्राच्या आवारातच त्यांना गोळ्या घातल्या. म्हणून शांततेइतकाच, त्या खोलीत कोणाला बसवलं आणि ती माणसं कोणत्या भाषेत बोलली, हाही प्रश्न विचारायला हवा असं मला वाटतं.

त्रिज्या:

मी विज्ञानाच्या बाजूने लिहिते. रेडिओवर आलेख दाखवता येत नाही ही अडचण सगळे सांगतात. माझ्या मते आलेख नसल्यामुळे सांगणाऱ्याला ती गोष्ट आधी स्वतःला समजून घ्यावी लागते. 'धोका दुप्पट झाला' हे वाक्य पडद्यावर लाल बाणासोबत खपून जातं. रेडिओवर चांगला पत्रकार विचारतो, कितीवरून किती? दहा हजारांत एकावरून दहा हजारांत दोनवर. झालं, चित्र उभं राहिलं आणि घबराटही गेली. आकड्यांचा एवढाच पाठपुरावा करणारा 'मोअर ऑर लेस' हा कार्यक्रम बीबीसी रेडिओ ४ वर २००१ पासून चालू आहे.

एक योगायोग मला फार आवडतो. ऑस्ट्रेलियात 'द सायन्स शो' आणि कॅनडात 'क्वर्क्स अँड क्वार्क्स' हे दोन्ही साप्ताहिक विज्ञान कार्यक्रम १९७५ मध्ये सुरू झाले. इतकी वर्षं दर आठवड्याला विज्ञान सांगायचं तर नुसत्या शोधांवर भागत नाही. शोध चुकीचा ठरला तेही सांगावं लागतं, आणि त्यासाठी श्रोता टिकून राहावा लागतो.

माझ्या कानात राहिलेला आवाज सांगते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो प्रयोगशाळेच्या उपकरणांनी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याची नोंद टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूरची घटना. पाच महिन्यांनी जाहीर झाली तेव्हा मी ती रेडिओवर ऐकली: खालून वर चढत गेलेला एक छोटासा 'व्हुप', सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याचा. त्या लहरींची वारंवारता साधारण ३५ ते २५० हर्ट्झ, म्हणजे माणसाच्या कानाच्या टप्प्यात येणारी. म्हणून ती नोंद सरळ स्पीकरला देता येते. मी स्वयंपाकघरात उभी होते. हातातला पेला खाली ठेवला आणि तसाच राहिला.

शंकासूर:

पण अवकाशात हवा नाही. मग तो 'आवाज' ही सजावटच झाली ना? कापलेल्या 'पण'सारखाच हा जोडलेला आवाज.

त्रिज्या:

निवेदकाने सांगितलं नाही तर, हो. मी ऐकला त्या कार्यक्रमात आधी एक वाक्य होतं: हा तिथला आवाज नाही, अवकाशाच्या ताणण्या-आकसण्याची नोंद आहे, ती आम्ही तुमच्या कानाला कळेल अशी केली आहे. मग नोंद जशी होती तशी ऐकवली, मग नीट ऐकू यावी म्हणून स्वर वर सरकवून पुन्हा, आणि वर सरकवल्याचंही सांगितलं. त्या दोन वाक्यांना दहा सेकंद लागले असतील. ती वगळली असती तर मी तुमच्या बाजूने असते.

श्रोता आवाजावर किती सहज विश्वास ठेवतो याचं उदाहरण याहून जुनं आहे. १ एप्रिल १९७६ ला खगोलशास्त्राचे लोकप्रिय निवेदक पॅट्रिक मूर यांनी बीबीसी रेडिओ २ वर सांगितलं की सकाळी ९ वाजून ४७ मिनिटांनी प्लूटो गुरूच्या मागे जाईल, पृथ्वीवरचं गुरुत्वाकर्षण क्षणभर कमी होईल, त्या क्षणी उडी मारा, तरंगल्यासारखं वाटेल. एप्रिल फूल होतं. पण तरंगल्याचं सांगणारे फोन आले. लोक हसून सोडून देतात, मला मात्र ते फोन करणारे खोटारडे वाटत नाहीत. ओळखीच्या, जाणकार आवाजाने सांगितलं आणि त्यांच्या शरीराने ते मानलं. ज्याच्या आवाजात एवढं बळ आहे त्याने 'बहुतेक' हा शब्द जपूनच ठेवायला हवा.

पडसाद:

तो तळ्याचा कार्यक्रम मीही ऐकला. त्या म्हातारीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहिते.

ती तिच्या बोलीत बोलायला लागली, आणि जेमतेम चार सेकंदांत तिचा आवाज खाली गेला आणि निवेदिकेचा वर आला. "आम्ही येथून स्थलांतर करू इच्छित नाही." मी तिथेच अडकले. ऐंशीच्या घरातली बाई असं बोलते का? ती म्हणाली असेल, "आम्ही नाही हलायचं इथनं." तिच्या आवाजात जी कुरकुर होती, जो शेवटी हेल होता, तो चार सेकंदांत ऐकू आला होता. अनुवादाने तिला थेट अर्ज लिहायला बसवलं. तज्ज्ञाची शांतता सात सेकंद राखली आणि म्हातारीचा आवाज चार सेकंद. या हिशेबाचं मला वाईट वाटलं.

कामगारांचं, कष्टकऱ्यांचं बोलणं रेडिओवर येताना पूर्वी असंच व्हायचं. त्यांच्याशी बोलून यायचं, संहिता लिहायची आणि नटांकडून वाचून घ्यायची. १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन ॲक्सन नावाचा इंजिनचालक ब्रेक निकामी झालेल्या गाडीत शेवटपर्यंत थांबला आणि गेला. त्याच्यावर बीबीसीसाठी कार्यक्रम करायला निर्माते चार्ल्स पार्कर आणि गायक इवन मॅककॉल त्याच्या सहकाऱ्यांकडे ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन गेले. परत येऊन फिती ऐकल्या आणि लक्षात आलं की या बोलण्याच्या जवळपासही आपली संहिता जाणार नाही. तेव्हा नट बाजूला ठेवून त्यांनी रेल्वेवाल्यांचे आवाजच ठेवले आणि पेगी सीगर यांच्या साथीने गाणी त्या आवाजांभोवती बांधली. १९५८ मध्ये ते प्रसारित झालं. यंत्र हलकं झालं म्हणून हे जमलं हे खरं, पण यंत्र हातात असूनही संहिताच लिहिणारे होतेच की.

अनुवाद करावाच लागतो, मान्य. मग बोलीचा अनुवाद बोलीसारख्या भाषेत करा, आणि वाक्य संपताना मूळ आवाज पुन्हा वर आणा. तिचा हेल तिच्याच तोंडून संपू द्या.

कानोसा:

पडसाद, तुमचं वाचून पुन्हा तो भाग ऐकला. तुमचं बरोबर आहे. मला पहिल्यांदा ते खटकलंही नव्हतं, याचंच आता जास्त वाटतंय.

मध्यमलहर:

शांततेचा विषय निघालाच आहे तर २०१२ मधलं अमेरिकेतलं प्रकरण सांगायला हवं. माइक डेझी हा रंगमंचावर एकट्याने गोष्टी सांगणारा कलावंत. ॲपलची उपकरणं बनवणाऱ्या चीनमधल्या कारखान्यांत त्याने काय पाहिलं ते त्याने आयरा ग्लास यांच्या 'धिस अमेरिकन लाइफ' या रेडिओ कार्यक्रमात जानेवारीत सांगितलं. ऐकणारा हेलावून जाईल असं. दुसऱ्या एका रेडिओ कार्यक्रमाचे चीनमधले वार्ताहर रॉब श्मिट्झ यांना त्यातला एक तपशील खटकला: कारखान्याच्या फाटकावर बंदूकधारी पहारेकरी. तिथे खासगी पहारेकरी बंदुका बाळगत नाहीत हे त्यांना रोजच्या वावरातून माहीत होतं. त्यांनी डेझीची दुभाषी शोधून काढली आणि तिने सांगितलं की यातलं बरंचसं घडलेलंच नाही.

मुळात तपासणीच्या वेळी ग्लास यांच्या चमूने दुभाषीचा नंबर मागितला होता. डेझी म्हणाला, तो आता लागत नाही. त्यांनी तिथेच सोडून दिलं. नंतर ग्लास यांनी स्वतः हे कबूल केलं की त्या क्षणी कार्यक्रम रद्द करायला हवा होता.

मार्चमध्ये त्यांनी अख्खा एक भाग हे मागे घेण्यासाठी दिला. डेझीला समोर बसवून विचारलं. तो भाग मी ऐकलाय. प्रश्न होतो आणि मग काहीच नाही. ग्लास पुढचा प्रश्न विचारत नाहीत, आणि संपादकांनी ती पोकळी तशीच ठेवली आहे. कानोसा, तुमच्या तज्ज्ञाची शांतता 'माहीत नाही'पर्यंत पोचणाऱ्या माणसाची आहे, ही दुसरी वाट न उरलेल्या माणसाची. लिहिताना दोन्हींसाठी तीन टिंबंच पडतात. ऐकताना एक क्षणही गोंधळ होत नाही.

आणि कारखान्यांतले कामगारांचे हाल खोटे नव्हते. इतर वार्ताहरांनी ते रीतसर मांडले होते. डेझीने त्या खऱ्या माणसांचंच नुकसान केलं, कारण नंतर कोणी काही सांगितलं की ऐकणाऱ्याच्या मनात आधी शंका यायची.

जुनं_रीळ:

मध्यमलहर, नेमकं लिहिलंत. आता कानोसा, एक सांगू? रागावू नका. शांतता कापता येते तशी लांबवताही येते. मुलाखत संपली की आम्ही सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसत्या खोलीचा आवाज घ्यायचो. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो: पंख्याचा, दिव्याचा, रस्त्याचा. जोड झाकायला तो लागतो. तोच दोन सेकंदांच्या विरामात घातला की विराम सात सेकंदांचा होतो. संगणकावर तर हे चुटकीसरशी होतं. तुमच्या कार्यक्रमात तसं केलं असेल असं मी म्हणत नाही, बहुतेक नसेलच. पण तुम्ही त्या सात सेकंदांवर एवढा विश्वास टाकलाय म्हणून सांगावंसं वाटलं.

हेडफोन लावा आणि त्या शांततेत मागे काय आहे ते ऐका. पंखा असेल तर काही कळणार नाही. घड्याळ असेल तर कळेल. आम्ही मुलाखतीआधी भिंतीवरचं घड्याळ उतरवून बाहेर ठेवायचो, कारण जोड कितीही साफ असला तरी टिकटिक चुकते.

कानोसा:

रागावले नाही. दोन रात्री मात्र झोप नीट लागली नाही. काल घरातले सगळे झोपल्यावर हेडफोन लावून बसले.

घड्याळ आहे. फार बारीक, आधी ते माझ्याच घरातलं वाटलं म्हणून उठून स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा सेल काढला. तरी टिकटिक चालूच. प्रश्न संपल्यापासून श्वासापर्यंत सात टिक, अंतर सारखं. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये खुर्ची कुरकुरते, आणि त्या कुरकुरीतूनही टिक आपल्या जागेवर येते. पाच वेळा ऐकलं. ती शांतता खरी आहे.

मग न राहवून त्या तज्ज्ञाची अख्खी मुलाखत घड्याळाच्या मागे मागे ऐकली. विसाव्या मिनिटाच्या आसपास तो म्हणतो, "वरच्या बाजूला आम्ही पूर्वसूचना देणारी यंत्रणा बसवली आहे." आवाज खाली उतरतो, वाक्य संपतं. आणि पुढची टिक लवकर येते. अर्ध्या सेकंदाने तरी लवकर.

त्यानंतर लगेच अधिकारी बोलायला लागतो, त्यामुळे पुढे काय होतं ते कळायला मार्ग नाही. कार्यक्रमाच्या पत्त्यावर आज सकाळी पत्र टाकलंय, मिनिट आणि सेकंद लिहून. एवढंच विचारलंय की त्या वाक्यानंतर तज्ज्ञ आणखी काही बोलले होते का. उत्तर आलं की इथेच लिहिते.